अकरा फोटोंची समिती

मागच्या वर्षी आमच्या कारखान्याचं तेल नाल्यात गेलं, म्हणून यंदा तेलगळतीसाठी समिती नेमली. अकरा साहेब, त्यांचे अकरा फोटो, मोठ्या हुद्द्यापासून खाली, गेटवर काचेच्या फ्रेममध्ये.

मी सेफ्टी ऑफिसर. म्हटलं, टाकीजवळ रोज झाडतात त्या लंकाबाईंचं नाव घाला, मागच्या वेळी गळती सगळ्यात आधी त्यांनाच दिसली होती. प्लँट हेड हसले. "उज्वला मॅडम, ऑडिटरला काय दाखवू, झाडू?"

शनिवारी कारखान्याला सुट्टी. आत फक्त वॉचमन आणि सफाईवाल्या बायका. टाकीचा पाइप फुटल्याचा वॉचमनचा फोन आला. नाशिक रोडच्या घरून अंबडच्या कारखान्याकडे जाताना मी रिक्षातून अकराही साहेबांना फोन लावले. ज्यांनी उचलला त्या प्रत्येकाचं एकच, "वरच्यांना विचारा. तोवर कुणी हात लावू नका." सगळ्यात वरचे दिंडोरीला वायनरीत होते. त्यांनी उचललाच नाही.

मी पोहोचले तेव्हा लंकाबाई कोपरापर्यंत तेलाने माखल्या होत्या. व्हॉल्व्ह बंद होता. नाल्याच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या रचलेल्या होत्या.

"साहेबांची वाट बघत बसले असते मॅडम, तर तेल पार गोदावरीत गेलं असतं."

सोमवारी लंकाबाईंच्या हातात नोटीस मलाच द्यायला लावली. समितीत नाव नसताना व्हॉल्व्हला हात का लावला, याचा खुलासा करा.



शनिवारी एकही जण फिरकला नव्हता. नोटिशीखाली मात्र अकराच्या अकरा सह्या होत्या.