मिटलेला पिस्ता

बापाचं नाव पोटच्या पोराला द्यायचं नाही आणि बापाला मारणाऱ्या जंतूला मात्र द्यायचं, ही असली अक्कल अथेन्सलाच शिकवत असतील, असं आर्गिरोनं अंगणात बसल्या बसल्या पुन्हा एकदा ऐकवलं.

लेफ्तेरिस, तिचा एकुलता एक मुलगा, बायकोला आणि बाळाला घेऊन सकाळच्या बोटीनं एयिना बेटावर आला होता. रविवारी बाळाचा बाप्तिस्मा. एयिनात पहिला मुलगा आजोबाचं नाव घेऊनच पाण्यातून वर येतो. ‘झानिस’ हे नवऱ्याचं नाव आर्गिरोनं तीस वर्षं जपून ठेवलं होतं, लग्नातली चादर पेटीत तळाशी ठेवावी तसं. आणि सून म्हणाली, ओर्फेआस.

“ओर्फेआस! एवढी हाक मारेपर्यंत दूध उतू जाईल.”

“आई, जंतूला नाही दिलं गं नाव. त्याच्या विकराला दिलं.”

“म्हणजे खुन्याला नाही, त्याच्या सुरीला. फार बरं वाटलं हो.”

लेफ्तेरिस खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. तिच्यासमोर चादरीवर पिस्ते वाळत होते. उकललेले ती टोपलीत टाकत होती, मिटलेले मांडीवरच्या फडक्यात.

झानिसचा पाय चिघळला, त्याला पिरेअसच्या इस्पितळात नेलं, पेनिसिलिनच्या जातीतली होती नव्हती ती सगळी इंजेक्शनं टोचली आणि ती त्याच्या अंगात जाऊन नुसती पाणी झाली, एवढं तिला ठाऊक होतं. पण त्या जखमेतला जंतू कुणी तरी गोठवून ठेवला होता, हे तिला आजच कळत होतं. पोरानं तो शोधून काढला, आपल्या प्रयोगशाळेत जागा केला, औषध निकामी करणारं त्याचं हत्यार, म्हणजे ते विकर, वेगळं केलं. अशा हत्याराला नाव देताना कुणी शहराचं देतं, कुणी रोग्याचं. यानं दिलं ‘झान’.

त्यानं मोबाइल तिच्यापुढे धरला. “हा बघ झान.”

“गुंतलेलं जाळं दिसतंय. तुझ्या बापाच्या बोटीत असलीच असायची.”

“ही मधली खाच बघ. ते त्याचं तोंड. औषधात चार कोनांचं एक कडं असतं, औषधाचा सगळा जोर त्यात. ते या तोंडात आलं की हा कडं फोडतो, टाकून देतो, पुढचं घेतो. स्वतः झिजत नाही, दमत नाही. औषध संपतं, हा संपत नाही.”

आर्गिरोचा हात टोपलीवर थांबला.

त्या तिथे, कठड्यावर, संध्याकाळी झानिस असाच बसायचा. मांडीवर पिस्त्यांचा ढीग. एक उचलायचा, दाताखाली फोडायचा, टरफल थुंकायचा, पुढचा उचलायचा. आणि तोंड त्याहून जोरात चालू. समुद्र, सरकार, शेजाऱ्याचं गाढव. मध्येच न बघता एक सोललेला दाणा तिच्या तळहातावर ठेवायचा.

“टाकतो कुठे हा?”

“टाकतो म्हणजे... बाजूला सोडून देतो.”

“तुझा बाप माझ्या सब्जाच्या कुंडीत थुंकायचा.”

लेफ्तेरिस हसला. मग हळूच म्हणाला, “आमच्याकडे रोज कुणी ना कुणी त्याचं नाव घेतं, आई. ‘झान आज ऐकत नाही.’ ‘झानला थंडीत ठेव.’ एक पोरगी स्वीडनहून फोन करते, झान कसा आहे म्हणून विचारते.”

आर्गिरोनं फडक्यातले मिटलेले पिस्ते बोटांनी चाळवले. या अंगणात ते नाव घेणारं तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि तीसुद्धा घ्यायची ती वर्षातून एकदा, देवळात मेणबत्ती लावताना, तेही पुटपुटत.

“त्याला कुणी थांबवला की नाही अजून?”

“नाही ना. त्यासाठी औषधासारखंच दिसणारं, पण न फुटणारं काही तरी हवं. औषध समजून यानं तोंडात धरलं पाहिजे आणि तोंड तसंच अडकून राहिलं पाहिजे. तेवढ्यात खरं औषध आपलं काम करून घेईल. बाबांसारखी माणसं जगतील. एक सापडलंय, पण हा थोडा वेळ धरतो आणि सोडून देतो.”

आर्गिरो एकदम हसली. एवढ्या मोठ्यानं, की आत झोपलेलं बाळ दचकून रडायला लागलं आणि सुनेनं खिडकीतून डोकावून पाहिलं.

झानिसचं बोलणं लांबलं आणि पाहुण्यांची परतीची बोट चुकायची वेळ आली, की ती त्याच्या ढिगात एक मिटलेला पिस्ता सरकवून द्यायची. दिसायला बाकीच्यांसारखाच. तो दाताखाली धरायचा. फुटायचा नाही, आणि सोडून देईल तर तो झानिस कसला. तेवढ्यात पाहुणे उठून टोप्या शोधायचे. तिची ही खोडी त्याला कधी कळलीच नाही. किंवा कळली असेल, पण तिच्या हातचं आहे म्हणून तो दर वेळी तोंडात टाकायचा.

तिनं फडक्यातला एक मिटलेला पिस्ता उचलला, मुलाच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटवली.

“पोराचं नाव तुझ्या बायकोला हवं ते ठेवा. एका घराला एक झानिस पुष्कळ झाला. पण त्याचं तोंड बंद करणारं ते जे काय सापडेल ना, लेका, त्याला आर्गिरो म्हणायचं. दुसऱ्या कुणाला तो कधी आवरला नाही.”