वडाच्या लाकडाची पेटी

"या घरात वटवाघळं बाळंत झाली आहेत. कायद्यानं माणसांनी बाहेर राहावं," असं म्हणत नव्या बंगल्याचं बोलकं दार खुद्द मालकाला, वाटवेसाहेबांना, आत घेईना. फाटकाशी उभी राहून शेजारची सुतारकाम करणारी भामाबाई हे डोळे भरून पाहत होती.

वास्तुशांतीला प्रत्येक नव्या घरावर पाखरं-वटवाघळांसाठी पेटी लावावीच लागे. ही पेटी तिनंच केली होती, वाटव्यांनी तोडलेल्या तिच्या दारच्या वडाच्या लाकडाची. वटवाघळांनी वास बरोबर ओळखला.

"पिल्लं उडाली की ही ब्याद टळेल ना?" वाटव्यांनी विचारलं.

"टळेल की. पण साहेब, पोरी दर वर्षी बाळंतपणाला इथंच येणार," भामाबाई म्हणाली. "त्यांचं माहेर तुम्ही तोडलंत. आता हेच माहेर."