नेटवर्कचा दोष

न्यू टाउनच्या ऑफिसात मृणालचं डोकं उठलं होतं. ज्या यांत्रिक हाताचं सॉफ्टवेअर ती सांभाळायची, तो कारखान्यात दिवसभर शहाण्यासारखा चालायचा, मधेच क्षणभर थबकायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा कामाला लागायचा. ती तपासायला बसली की मात्र एकदम साळसूद!

"क्षणभरच तर थांबतो गं, दे सोडून," शेजारचा सलील म्हणाला.

"क्षणभर का होईना, आत काहीतरी बिघडल्याशिवाय थांबेल का?" ती त्याच्यावर खेकसली.

तेवढ्यात डमडमच्या घरून बाबांचा फोन आला. "मृणाल, येताना जाडे पोहे…"

पुढे नुसती शांतता.

"हॅलो! बाबा? हॅलो!"

"…मिळाले तर आण," बाबा म्हणाले.

मृणालने कपाळावर हात मारून घेतला. याच कटकटीपायी तिने त्यांचं सिमकार्ड बदललं होतं, नवा फोन घेऊन दिला होता, मोबाइल कंपनीच्या माणसाशी कडाकडा भांडून झालं होतं. तरी रड तीच!

संध्याकाळी घरी ती बाबांसमोर चहाला बसली.

"आज बागबाजारच्या घाटावर…" बोलता बोलता बाबा थांबले. कप ओठांपाशी तसाच राहिला, नजर कुठेच नव्हती. मग त्यांनी सावकाश घोट घेतला.

"…गर्दी फार होती."

या वेळी दोघांच्या मधे फोन नव्हता.