घोड्यांच्या चक्रीचा निवाडा

“तिसऱ्यांदा तेच?” न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून थोरल्याकडे पाहिलं. “आधी स्वतःच्या नावाने, मग बायकोच्या, आता मुलाच्या! लवादाने चक्री तुमच्या धाकट्या भावाला दिली. वरच्या कोर्टानेही तो निवाडा कायम केला. आता हा निव्वळ न्यायप्रक्रियेचा गैरवापर आहे. अर्ज फेटाळला, स्थगिती उठवली. यापुढे तुम्ही त्या चक्रीला हातसुद्धा लावायचा नाही.”

धाकट्याला तिथेच नाचावंसं वाटलं. वकिलांचं बोलणं नेहमीसारखंच त्याच्या डोक्यावरून गेलं होतं, पण ‘फेटाळला’ तेवढं नीट कळलं. वडिलांनी उभारलेली लाकडी घोड्यांची चक्री खटला सुरू झाल्यापासून बागेत ताडपत्रीखाली निमूट उभी होती. आता ती त्याची. एकट्याची!

बायको आणि आईला घेऊन तो धावतच बागेत गेला. ताडपत्री ओढली, वंगण घातलं. आईला पांढऱ्या घोड्यावर बसवलं, बायकोला तिच्या मागच्या. बटण दाबलं आणि स्वतःही टुणकन उडी मारून काळ्या घोड्यावर बसला.

चक्री कुरकुरली, मग सुटलीच. झाडं, बाक, फाटक. झाडं, बाक, फाटक. आई लहान मुलीसारखी खिदळत होती. वेग वाढला. आणखी वाढला. मग धाकट्याच्या लक्षात आलं, सगळं घर वर आहे आणि खाली कुणीच नाही. तिकिटं फाडायची, पोरांना उचलून बसवायचं, हे त्याचं काम. ब्रेकचा दांडा जन्मभर थोरल्याच्या हातात.

कोर्टातून मागोमाग आलेला थोरला फाटकाशीच उभा होता. दर फेरीला दिसायचा आणि नाहीसा व्हायचा.

“दादा! ब्रेक!”

“मला हात लावायची मनाई आहे. कोर्टाचा हुकूम!”

“भाऊजी, काहीतरी करा हो!” बायको घोड्याच्या मानेला मिठी मारून ओरडली.

“अरे मेल्यांनो, गरगरतंय मला!” आईला हसू आवरत नव्हतं.

“दादा, मीच जातो कोर्टात! निवाडा रद्दच करून घेतो!”

“कुठल्या मुद्द्यावर?”

उत्तर यायला एक अख्खी फेरी लागली.

“चक्री थांबवणार कोण, हे लवादाने पाहिलंच नाही!”

थोरल्याने बाह्या सरसावल्या आणि दांड्याकडे धाव घेतली. “गाढवा, तिन्ही वेळा मी दुसरं काय सांगत होतो?”