ही तुझी कोण?

"ही तुझी कोण?" सिस्टर जॅकलिननं विचारलं.

"कोणी नाही," नंदू म्हणाला. "इथे पुलाखाली पडलेली दिसली. म्हणून फोन केला तुम्हाला."

बोलताना त्यानं आईकडे पाहिलं नाही. सुंदराबाई त्याच्या पायाशी फाटक्या फ्लेक्सवर पडली होती. उजवं अंग लुळं, पाठीला जखमा. अंधेरीचं दुपारचं ऊन पुलाच्या सावलीतही भाजत होतं. माश्या हाकलून हाकलून नंदूचा हात दुखून आला होता.

साकीनाक्याच्या ज्या पॉलिशच्या कारखान्यात तो कामाला होता, त्याच्याच पोटमाळ्यावर मायलेक राहत. मालकानं गाळा विकला तेव्हा काम आणि छप्पर एकदमच गेलं. मग आईला लकव्याचा झटका आला. हॉस्पिटलात थोडं बरं वाटलं, तशी "घरी नेऊन नीट काळजी घ्या" म्हणून सोडलं. घर कुठे आहे ते कोणी विचारलं नाही. तेव्हापासून हा पूल. कामाला जावं तर आईपाशी कोण? एकदा नाक्यावर बिगारीचं काम मिळालं म्हणून गेला होता. परत आला तर एक कुत्रं तिच्या लुळ्या पायाशी हुंगत होतं आणि ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. आणि न जावं तर दोघंही उपाशी.

पुलाखालीच राहणाऱ्या बाळ नावाच्या पोरानं त्याला सांगितलं होतं. चर्चच्या सिस्टर लोकांचं एक घर आहे. रस्त्यावरच्या म्हाताऱ्यांना उचलून नेतात, अंघोळ घालतात, जखमा धुतात, शेवटपर्यंत सांभाळतात. जात नाही विचारत, धर्म नाही विचारत. "पण एक नियम आहे यार," बाळ म्हणाला होता. "ज्याचं कोणीच नाही, त्यालाच घेतात. पोरगा आहे म्हटलंस की वाट लागली. तूच सांभाळ म्हणणार."

सकाळी नंदूनं आईच्या कानाशी तोंड नेलं. "आये, ते लोक आले की मी तुला ओळखत नाही असं सांगणार. तूपण तसंच सांग. जखमांना औषध तरी मिळेल गं तुझ्या."

सुंदराबाई डोक्यावरच्या सिमेंटकडे बघत राहिली. ती रागावली, की तिला समजलंच नाही, हे नंदूला कळेना. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

आता सिस्टर तिच्याजवळ मातीतच बसली होती. सिस्टरच्या गाडीचा ड्रायव्हर अर्बन पाण्याची बादली घेऊन आला. सिस्टरनं कपडा पिळला आणि म्हातारीचं तोंड पुसलं. गळ्यातली तुळशीची माळ हलकेच उचलली, खालचा मळ काढला, माळ पुन्हा होती तशी ठेवली. पाठीवरचं फडकं सोडलं तेव्हा असा वास सुटला की अर्बननंही तोंड फिरवलं. सिस्टरचा हात थांबला नाही. ओठांतल्या ओठांत ती प्रार्थना म्हणत होती. नंदूला तिथे उभं राहवेना, आणि पायही हलेनात.

"आजी, नाव काय तुमचं?"

"सुंदरा."

"आणि हा? हा तुमचा कोण?"

सुंदराबाईनं मोठ्या कष्टानं मान वळवली. खूप वेळ त्याच्याकडे बघितलं.

"ह्यो?" तोंड वाकडं झाल्यामुळे तिचे शब्द घरंगळत होते. "ह्यो माझो कोण नाय."

त्यानंच पढवलेलं वाक्य होतं. तरी कोणी कानफटात मारावी तसं त्याला झालं.

"माझो कोण नाय," ती पुन्हा म्हणाली. "पण कालपासून पोटात काय नाय त्येच्या. माका मागसून न्हेवा. आधी ह्येका जेवूक घाला."

सिस्टरचा कपडा तसाच हातात राहिला. तिनं एकदा म्हातारीकडे पाहिलं, एकदा नंदूकडे.

"अर्बन, पुढची सीट मोकळी कर," ती म्हणाली. "आजींचा मुलगापण येतोय."

नंदू आईपाशी खाली बसला. "आई आहे हो माझी, सिस्टर. चुकलो मी. पण घरचं कोणी असलं की तुम्ही घेत नाही ना. तुमचा नियमच आहे तसा. म्हणून म्हटलं..."

"नियम?" सिस्टरला काही उमजेना. "कसला नियम?"