वस्तादाची गवाही

"पुढं सरका की वस्ताद, तुमचं निसतं कपाळच दिसायलंय," वैभव म्हणला.

रंगनाथ वस्ताद पुढं सरकला. नागुबाईनं, वैभवच्या मायनं, मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून ठिवलता. त्यात एक बाई अन् एक साहेब दिसायलते. टीव्हीवर चालती त्या मोठ्या कबड्डी लीगच्या चौकशी कमिटीची माणसं ती. वैभवनं भर सामन्यात पंचाला ढकलून पाडलं होतं. आता पोराला चार सामने बाहेर बसवायचं का कायमचं काढून टाकायचं, ह्याचा फैसला आज होता. ज्यानं लहानपणापासून खेळवलं त्याला बोलवा, म्हणून कमिटीनंच सांगितलं. वस्ताद सकाळीच दाढी करून, धुतला सदरा घालून हजर.

"जास्ती बोलू नका बरं," वैभवनं आधीच बजावलं होतं. "पोरगं चांगलंय, एवढंच म्हणा."

"तू मला शिकवतो व्हय रे वैभ्या? तुला शेंबूड पुसता येत न्हवता तवा दम धरायला कुणी शिकवलं?"

नागुबाई चुलीपाशी बसलेली. ती म्हणली, "वस्ताद, खरं तेच बोला. महादेव बघायलाय."

बाई बोलायला लय गोड होती. "रंगनाथराव, व्हिडिओत दिसतं की पंच उठल्यावर वैभव पुन्हा त्यांच्या अंगावर धावून गेला. हे जास्त गंभीर आहे. तुम्हाला काय वाटतं?"

वस्तादाला हसूच आलं. एवढी शिकलेली माणसं, अन् एवढं कळंना!

"अवो बाई, त्यो मारायला न्हाई गेला. मिठी मारायला गेलता. तुमचा पंच भिऊन पळाला, त्याला पोरगं काय करणार? आमच्याकडं तसंच असतंय. भांडण झालं की तितंच पाया पडायचं, गळ्यात पडायचं, एक नारळ फोडायचा. खेळ चालू."

बाई मोबाइलच्या जवळ आली. "म्हणजे असं आधी झालंय?"

वैभवनं वस्तादाच्या मांडीला बोट टोचलं. पण वस्तादाला वाटलं, आता गाडी रस्त्याला लागली. बाईला रीत कळायलीय. आता हिला नीट उलगडून सांगितलं की पोरगं सुटलं.

"झालंय की! पिंगळीच्या सामन्यात ह्यानं पंचाची कॉलर धरली. सदरा फाटला बिचाऱ्याचा. मीच मधी पडलो. नारळ आणला, दोघाला गळाभेट करायला लावली. पुढच्या डावात ह्यानं अशा चढाया मारल्या, त्योच पंच टाळ्या वाजवायलता! जिंतूरला तर ह्यानं एकाच्या तोंडावर माती फेकली. ते बी जागेवरच मिटवलं. पोटात काही ठिवत न्हाई बगा पोरगं."

साहेबानं इतका वेळ खाली घातलेली मान वर केली. "त्यातल्या कुठल्या सामन्यात त्याला बाहेर काढलं होतं?"

"बाहेर?" वस्तादाला प्रश्नच नवा होता. "साहेब, त्याला बाहेर काढल्यावर चढाई कोण मारणार? मी?"

मोबाइलमधून कुणी हसलं न्हाई.

"वैभव," साहेब म्हणले, "असं पहिल्यांदाच घडलं, असं तुम्ही आम्हाला सांगितलं होतं."

वैभव खाली बघायलता.

"पहिली वेळ असती तर चार सामन्यांवर भागलं असतं. पण इथं सवयच दिसते. उद्या एखादा पंच दवाखान्यात गेला तर आम्ही काय सांगायचं? सॉरी, करार इथंच संपला."

"अवो साहेब, ऐका तर!" वस्तादानं मोबाइलच उचलला, तोंडापाशी धरला. "त्या पंचाला इकडं पाठवा. न्हाईतर आमी येतो तिकडं. दोघाला समोरासमोर बसवू. त्यो म्हणल तशी माफी मागंल पोरगं. माणसं माणसाशी बोलली की मिटतंय सगळं..."

बाई म्हणली, "आम्हालाही वाईट वाटतंय, रंगनाथराव." खोटं बोलत न्हवती ती, तोंडावर दिसायलं होतं. मग मोबाइलमधी निसतं घराचं पत्र्याचं छत दिसाय लागलं, अन् त्याखाली वस्तादाचं स्वतःचं तोंड. मग ते बी गेलं.

चुलीवर चहा उतू गेला. नागुबाईनं पदरानं भांडं उतरवलं. तिला सगळं कळलं होतं, पण राग धरायला तिला जागा सापडंना. "तुमी खरं तेच बोलले, वस्ताद," ती म्हणली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर वस्तादाला बरं वाटलं असतं.

वस्तादानं दस्तीनं गळा पुसला. मोबाइल उलटा केला, सुलटा केला. "पुन्हा लाव रे फोन. मी सांगतो, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं, सगळं खोटं बोलला म्हणून."

"राहू द्या."

"अरे लाव म्हणतो ना!"

"राहू द्या, वस्ताद." वैभवचा आवाज चढला न्हाई. त्याचा आवाज चढला न्हाई, हेच वस्तादानं पहिल्यांदा बघितलं. पोरानं चहाची कपबशी त्याच्यापुढं सरकवली, अन् भिंतीला टेकून बसलं.

नागुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"एखाद्या येळी बसवायचं होतं मला बाहेर," वैभव म्हणला. "बारका होतो तवा."

वस्तादानं बशीत चहा ओतला. बशी तोंडापत्तोर नेली, अन् तशीच धरली.

"मग हारलो असतो की रे," त्यो म्हणला.