घाणेरीचं रोप

वस्तीमागच्या रानात घाणेरी इतकी माजली होती की आत पाऊल टाकायला वाट नव्हती. आईने शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून दर रविवारी ती उपटायला सुरुवात केली. आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. आता शेवटचा एक कोपरा उरला होता.

त्या रविवारी बाबा पहिल्यांदाच आमच्याबरोबर आले. आई दमली की ज्या दगडावर टेकायची, त्याच्याशेजारी त्यांनी आळं करून एक रोप लावलं. रोप घाणेरीचं होतं. सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले.

मी हळूच म्हटलं, "बाबा, आईने जन्मभर हेच उपटलं."

"मला सांगतेस? तिच्या हातातले काटे कोण काढायचं?"

"मग लावलंत कशाला?"

"तुम्ही आज सगळं संपवून टाकणार. उद्यापासून ती करेल काय? रिकामी बसणारी बाई आहे का ती?"

मी वाकले आणि रोप मुळासकट उपटलं.

बाबांनी हातांवरची माती झटकली. "बरं," ते म्हणाले, "पुढच्या रविवारी दुसरं आणतो."